सर्व्हर बंद केला, तरी पिंग चालूच!

अंबडकर_एकटा
शनिवार, दुपारी ४:१२

नमस्कार मंडळी. अंबडला एका शीट मेटलच्या कारखान्यात मी आयटी डिपार्टमेंट आहे. डिपार्टमेंटमध्ये नाही, डिपार्टमेंटच मी. प्रिंटरचा टोनर, शेठच्या मुलीचा लॅपटॉप, ईआरपीचा (कंपनीचा सगळा कारभार ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप, सगळं एकाच गळ्यात.

आज कंपनीला सुट्टी म्हणून ईआरपीचा सर्व्हर बंद करून आतली धूळ काढायला घेतली. शेजारी प्रेस शॉप असलं की पंख्यांवर काय बसतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच माहीत. काळी, तेलकट, नखात गेली की चार दिवस निघत नाही. बंद करण्याआधी लॅपटॉपवर दोन पिंग (समोरचं मशीन जागं आहे का, हे सारखं विचारत राहणारे संदेश) लावून ठेवले होते. एक सर्व्हरला, दुसरा राउटरच्या यादीत बरेच दिवस दिसणाऱ्या एका अनोळखी पत्त्याला. तो पत्ता हजेरीच्या अंगठा मशीनचा असावा असं मी धरून चाललो होतो. सर्व्हर बंद झाला, पहिला पिंग थांबला. दुसरा चालूच! स्विचपासून वायर धरत धरत गेलो, तर ती त्याच बंद सर्व्हरच्या पाठीत. बाकीच्या दोन पोर्टांपासून जरा बाजूला एक वेगळं पोर्ट, आणि त्याचा हिरवा दिवा निवांत लुकलुकतोय.

पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. लॉगिनचं पान आलं. मॅन्युअलमधलं मूळ नाव आणि पासवर्ड टाकला आणि थेट आत! पंख्यांचे फेरे, सीपीयूचं तापमान, सगळं समोर, आणि एक पॉवरचं बटण. गंमत म्हणून दाबलं. सर्व्हर घुर्रकन चालू झाला. झाकण उघडंच होतं, ब्रश आत ठेवलेला. नशीब, पंख्यात नव्हता.

पुढचं वाचा. हा सर्व्हर तीन वर्षांपूर्वी मुंबईहून सेकंडहँड घेतलेला. आत यूझरच्या यादीत दोन नावं, दुसरं मी कधीच तयार केलेलं नाही. ईमेल अलर्टच्या खान्यात बेंगळुरूच्या कुठल्यातरी कंपनीचा पत्ता. नोंदवहीत २०१७ सालापासून कुठला पंखा कधी अडकला त्याचा इतिहास.

आता प्रश्न. याचं फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलू, की केबल काढून मोकळा होऊ? शेठ म्हणतात, "चालतंय ना? मग हात कशाला लावतोस?" आणि पुढच्या महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाचं सिक्युरिटी ऑडिट आहे. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, उगाच कुणाच्या नावाने खडे नकोत.

---

चहाबाज
शनिवार, ४:३१

पहिला मी! बाकी काही कळलं नाही, पण बंद सर्व्हरला पिंग म्हणजे अमावस्येचा धागा वाटला.

---

लिनक्सवाली
शनिवार, ५:०५

भूत नाही, चहाबाज. त्याला बीएमसी म्हणतात, बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. (मुंबई महापालिकेचे विनोद आत्ताच करून घ्या.)

सर्व्हरच्या मदरबोर्डवर हा एक छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर असतो. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, बहुतेक वेळा आत छोटंसं लिनक्स. स्टँडबाय करंटवर चालतो, त्यामुळे प्लग लावलेला आहे तोवर तो जागा. एचपीईवाले त्याला आयएलओ म्हणतात, डेलवाले आयड्रॅक, लेनोव्होवाले एक्सक्लॅरिटी. बाकीच्या बऱ्याच बोर्डांवर एएसपीड कंपनीची चिप आणि वर एएमआयचं मेगारॅक किंवा दुसऱ्या कुणाचं फर्मवेअर.

सर्व्हर लांब कुठेतरी रॅकमध्ये असतो. तो लटकला तर तिथे जाऊन बटण कोण दाबणार? म्हणून हा. यातून सर्व्हर बंद-चालू करता येतो, त्याचा स्क्रीन घरबसल्या दिसतो, आपल्या लॅपटॉपवरची आयएसओ फाइल त्याला सीडी म्हणून चिकटवून नवी ओएस टाकता येते. आता हेच सगळं चोराच्या हातात आहे असं समजा. तुमचा अँटिव्हायरस विंडोजमध्ये बसलाय, हा विंडोजच्या खाली. त्याला पत्ताही लागणार नाही.

---

तिवंध्याचा_बाळ्या
शनिवार, ५:२०

म्हणजे आमच्या रहाडीसारखंच झालं की! जुन्या नाशकात चौकाखाली रहाड असते. वर्षभर वर फळ्या-माती टाकून बुजवलेली, वरून रिक्षा, टेम्पो, लग्नाच्या वराती जातात. बाहेरच्या माणसाला शपथ घेऊन सांगितलं तरी खरं वाटत नाही की खाली हौद आहे. रंगपंचमीला उघडली की मग कळतं किती खोल आहे ते.

---

लिनक्सवाली
शनिवार, ५:२४

@बाळ्या, हे मी उद्या ऑफिसात ट्रेनिंगमध्ये वापरणार. फरक एवढाच, की रहाड उघडायचा मान ठरलेल्या घराण्याकडे असतो. इथे पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला.

---

जुनाजाणता
शनिवार, ६:४८

एवढं घाबरायचं कारण मला दिसत नाही. वीस वर्षं सातपूरच्या कंपन्यांत सर्व्हर सांभाळलेत. हे पोर्ट आतल्या नेटवर्कवर आहे, इंटरनेटवर नाही. राउटर ओलांडून कोण येतंय? कारखान्यात चाळीस पीसी, त्यातले तीस ऑपरेटर फक्त जॉब कार्ड भरतात. हल्ली कुठलीही चिप निघाली की हॅकर आला म्हणून बोंब. २०१८ मध्ये नाही का, एका अमेरिकन मासिकाने छापलं होतं की मदरबोर्डवर तांदळाएवढी हेरचिप आहे म्हणून? ॲपल, ॲमेझॉन, सुपरमायक्रो, सगळ्यांनी साफ नाकारलं.

केबल काढा, विषय संपवा. फर्मवेअरला हात लावू नका. चालत्या गाडीचं इंजिन उघडू नये.

---

पॅकेटपुराण
शनिवार, ७:३०

काका, हेरचिपचं सोडा, तिच्याबद्दल मीही बोलत नाही. पण ज्यांवर वाद नाही अशा गोष्टींची यादी लहान नाही. आणि "आतल्या नेटवर्कवर आहे" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आयपीएमआय ही या सगळ्याची जुनी भाषा. पहिली आवृत्ती १९९८ ची, इंटेल, एचपी, डेल आणि एनईसीने मिळून केलेली. २.० आली २००४ मध्ये. यूडीपीच्या ६२३ पोर्टवर चालते. २०१३ मध्ये डॅन फार्मर या माणसाने तिची चिरफाड केली. तिच्यात लॉगिनची पद्धत अशी आहे: मी दारात जाऊन म्हणतो, "मी ॲडमिन." मी काही सिद्ध करण्याच्या आधीच बीएमसी माझ्या हातात त्या ॲडमिनच्या पासवर्डपासून काढलेला हॅश ठेवतो.

सराफ बाजारात गेलात, पेढीवर म्हणालात "मी मालकांचा पुतण्या", आणि नोकराने तिजोरीच्या किल्लीचा मेणातला ठसा काढून दिला, "घरी जाऊन जुळतो का बघा" म्हणून. तसलाच प्रकार. मग मी घरी बसून माझ्या ग्राफिक्स कार्डावर लाखो पासवर्ड जुळवत बसतो. बीएमसीच्या नोंदवहीत चुकीच्या लॉगिनची एक ओळ पडत नाही, कारण मी लॉगिन करतच नाहीये.

आणि यावर पॅच नाही. सीव्हीई-२०१३-४७८६ असा नंबर आहे (सीव्हीई म्हणजे उघड झालेल्या छिद्रांची जागतिक यादी), पण दोष कुणाच्या कोडमधला नसून नियमावलीतच लिहिलेला. जो नियमाप्रमाणे आयपीएमआय २.० बनवेल त्याच्यात तो येणारच. उपाय दोनच. नेटवर्कवरचं आयपीएमआय बंद करा, वेब पानावरून किंवा रेडफिश या तिच्या जागी आलेल्या नव्या भाषेवरून काम चालवा. नाहीतर पासवर्ड लांबलचक ठेवा, तोही २० अक्षरांच्या वर जात नाही.

त्याच सुमारास दुसरं एक सापडलं, सायफर झिरो. एनक्रिप्शनच्या पर्यायांत "शून्य" निवडलं की पासवर्ड काहीही टाका, चालतो. फक्त यूझरचं नाव बरोबर हवं. आणि नाव काय असतं ते अंबडकरांनी मॅन्युअलमध्ये वाचलंच आहे.

---

खटपट्या
शनिवार, ७:४१

+१

२९ वेळा 'ए' वालं पण सांगा की. माझं सगळ्यात लाडकं.

---

पॅकेटपुराण
शनिवार, ७:५८

सांगतो. २०१७, एचपीईचं आयएलओ ४. ब्राउझर सर्व्हरला काही मागतो तेव्हा कनेक्शन नावाची एक ओळ पाठवतो. त्या ओळीत २९ वेळा कॅपिटल 'ए' लिहून पाठवलं की आतली जागा ओसंडते आणि बीएमसी समजतो की हा माणूस आधीच लॉगिन झालेला आहे. मग नवा ॲडमिन यूझर तयार करा, काय हवं ते करा. सीव्हीई-२०१७-१२५४२. फर्मवेअर २.५३ मध्ये दुरुस्त झालं.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, इंटरनेटवर उघड्या असलेल्या काही आयएलओंच्या लॉगिन पानावर खंडणीची चिठ्ठी झळकली. डिस्क एनक्रिप्ट केल्यात, बिटकॉइन पाठवा.

---

चहाबाज
शनिवार, ८:०२

आआआआआआ. आमच्या गल्लीत मॅचच्या शेवटच्या ओव्हरला पोरं एवढं तर सहज ओरडतात. सगळे ॲडमिन.

---

पिंपळगावची_द्राक्षं
शनिवार, ९:१५

मंडळी, मी आयटीवाला नाही. पिंपळगाव बसवंतला आमचं पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज आहे. प्रीकूलिंगचं तापमान आणि पेट्यांचा हिशेब ठेवायला एक सर्व्हर आहे. मागच्या सीझनला फेब्रुवारीत रात्री दोनला तो लटकला. मी नाशकात गंगापूर रोडला घरी, आत दोन कंटेनरचा माल. ज्याने सर्व्हर बसवला त्या पोराने फोनवर एक पत्ता सांगितला, मी मोबाइलवरून उघडला, रिसेट दाबलं, दहा मिनिटांत सगळं सुरळीत. त्या रात्री मला हे पान देवासारखं वाटलं.

त्यामुळे केबल काढा हा सल्ला मला पटत नाही. पण तुमचं वाचून आता झोप लागेल असं वाटत नाही. माझं काय करू?

---

लिनक्सवाली
शनिवार, ९:१९

दादा, एकच विचारते. घरून मोबाइलवर उघडलं तेव्हा आधी व्हीपीएन चालू केलं होतं का, की नुसता पत्ता टाकला?

---

पिंपळगावची_द्राक्षं
शनिवार, ९:२२

नुसता पत्ता. व्हीपीएन म्हणजे?

---

पॅकेटपुराण
शनिवार, ९:२३

दादा, आत्ताच्या आत्ता त्या पोराला फोन करा. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला थेट आतल्या मशीनकडे पाठवणारी सेटिंग) बंद करायला सांगा. सकाळी नाही, आत्ता.

---

खटपट्या
शनिवार, ९:२४

आत्ता!!

---

पॅकेटपुराण
शनिवार, ९:५०

दादा फोनवर असतील तोवर, हे का ते सांगतो. व्हीपीएन म्हणजे आधी ओळख पटवून मगच आतल्या नेटवर्कमध्ये नेणारी कुलूपबंद वाट. तुमचं पान तिच्याशिवाय उघड्यावर होतं. इंटरनेटवर असे उघडे बीएमसी शोधायला कुणाला पिंपळगाव माहीत असावं लागत नाही. स्कॅनर सगळे पत्ते ओळीने ठोठावत जातात. २०१४ मध्ये सुपरमायक्रोच्या काही बोर्डांवर ४९१५२ या पोर्टवरून पासवर्डची फाइल जशीच्या तशी, न झाकता डाउनलोड होत होती. असे जवळपास ३२ हजार बोर्ड तेव्हा इंटरनेटवर सापडले होते. २०१९ मध्ये त्याच कंपनीच्या बीएमसीमधल्या व्हर्च्युअल यूएसबीत छिद्र निघालं, यूएसबीएनीव्हेअर म्हणतात त्याला. तेव्हा मोजले तर ४७ हजार उघडे, नव्वदहून जास्त देशांत. घरबसल्या तुमच्या सर्व्हरला पेनड्राइव्ह लावल्यासारखंच.

---

पिंपळगावची_द्राक्षं
शनिवार, १०:३८

केलं. पोरगा आधी "काही होत नाही काका" म्हणत होता. मग तुमचे दोन प्रतिसाद स्क्रीनशॉट काढून पाठवले, पाच मिनिटांत बंद केलं. उद्या येऊन व्हीपीएन बसवून देतो म्हणाला. सर्वांना ऑक्टोबर छाटणीनंतरची पहिली पेटी माझ्याकडून.

---

तिवंध्याचा_बाळ्या
शनिवार, १०:४०

पहिली पेटी मी घेऊन ठेवली असं समजा. थॉमसन की सोनाका?

(अवांतर: आमच्याकडे सिंहस्थाच्या कामात रस्ता खोदून ठेवलाय, फायबर तीन दिवस बंद. माझा सर्व्हर जगातला सगळ्यात सुरक्षित सर्व्हर आहे.)

---

रात्रपाळी
रविवार, पहाटे २:१०

फर्मवेअर बदलण्याबद्दल माझा अनुभव लिहिते, कारण जुनाजाणता काकांचं म्हणणं अगदीच उडवण्यासारखं नाही.

जुलैत, भर पावसात, एका बोर्डाचं बीएमसी फर्मवेअर चढवायला घेतलं. पट्टी ६३ टक्क्यांवर असताना लाइट गेली. यूपीएस होता, पण त्याच्या बॅटऱ्या सहा महिन्यांपूर्वीच गेल्यात हे फक्त यूपीएसलाच माहीत होतं. परत लाइट आल्यावर सर्व्हर चालू झाला, पण बीएमसी मेला. बीएमसी मेला की पंख्यांना आवरणारं कुणी राहत नाही. सगळे पंखे पूर्ण वेगात. आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसात खालच्या मजल्यावरचे डेंटिस्ट वर विचारायला आले, "तुमच्याकडे पण ड्रिल आलं का?"

शेवटी बोर्डवरची सोळा पायांची फ्लॅश चिप शोधली, तिला क्लिप लावली, सीएच३४१ए नावाचा छोटा प्रोग्रामर जोडून फाइल थेट चिपमध्ये लिहिली. क्लिप चार वेळा निसटली. पाचव्यांदा श्वास रोखून धरला, तेव्हा बसली. पहाटे साडेतीनला पंखे शांत झाले. तेव्हा कळलं की मला तीन तास ऐकूच येत नव्हतं.

तर फर्मवेअर बदला, जरूर बदला, पण यूपीएसची बॅटरी आधी तपासा. आणि "जुनी सेटिंग जपून ठेवा" असा एक चौकोन असतो त्यावरची टिक काढा. नाहीतर अंबडकरांचा तो अनोळखी यूझर नव्या फर्मवेअरमध्येही राजासारखा बसून राहील.

---

जुनाजाणता
रविवार, सकाळी ८:०५

@रात्रपाळी, हेच म्हणतोय मी! ६३ टक्के! नव्याला जायचं कशाला? केबल काढली की झालं.

---

अंबडकर_एकटा
रविवार, सकाळी ११:४४

काका, केबल काढून झालं नाही.

काल संध्याकाळी तुमचं ऐकून त्या वेगळ्या पोर्टची केबल काढली, सर्व्हरचा प्लग काढून धुळीचं काम पुरं केलं, परत लावून घरी गेलो. आज सकाळी मुद्दाम कंपनीत येऊन राउटरची यादी बघितली. तोच मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टचा स्वतःचा नंबर), नवीन आयपीवर, हजर! वायर त्या पोर्टमध्ये नाही. मी पाच मिनिटं त्या रिकाम्या भोकाकडे बघत उभा होतो. वॉचमन मामा म्हणाले, "साप निघाला का?"

---

लिनक्सवाली
रविवार, १२:१०

साप नाही, फेलओव्हर. वेब पानावर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लॅन इंटरफेस असा एक खाना बघा. त्यात तीन पर्याय असतात: डेडिकेट, शेअर, फेलओव्हर. अनेक बोर्डांवर मूळ सेटिंग फेलओव्हरची असते. स्वतःच्या पोर्टला वायर दिसली नाही की बीएमसी मुकाट्याने सर्व्हरच्या नेहमीच्या पहिल्या नेटवर्क पोर्टमधून बाहेर पडतो. एकाच वायरवर दोन मॅक पत्ते. विंडोजला ही पॅकेट्स दिसतसुद्धा नाहीत, नेटवर्क चिपच ती परस्पर बीएमसीकडे वळवते. त्यामुळे विंडोजची फायरवॉल इथे आडवी येत नाही.

डेडिकेट करा. मगच केबल काढण्याला अर्थ.

आणि दुसरी एक बाजू राहिलीच. बीएमसीकडे जायला नेटवर्कच लागतं असं नाही. सर्व्हरच्या ओएसमध्ये जो ॲडमिनिस्ट्रेटर किंवा रूट आहे तो आतूनच, बीएमसीचा पासवर्ड न देता, आयपीएमआयटूलने नवा यूझर घुसवू शकतो. तुमच्या अकाउंटंटने चुकीचं इन्व्हॉइस उघडलं, व्हायरस ईआरपीच्या सर्व्हरपर्यंत आला, ॲडमिन झाला, बीएमसीत एक नाव लिहून ठेवलं. तुम्ही सर्व्हर फॉरमॅट केला, सुटकेचा निःश्वास टाकला. नाव तिथेच. नवी डिस्क टाकली तरी तिथेच.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये इराणमधल्या एका सुरक्षा कंपनीने आयएलओब्लीड नावाचा प्रकार उघड केला. एचपीच्या आयएलओच्या फर्मवेअरमध्येच बसलेला. तो डिस्का पुसायचा. फर्मवेअर अपग्रेड करायला गेलं तर अपग्रेड होऊच द्यायचा नाही, पण पानावर "झालं" म्हणून नवा आवृत्ती क्रमांक दाखवायचा. ओळखायची एक खूण म्हणजे क्रमांक नवा, पण लॉगिनच्या पानाचा तोंडवळा जुन्या आवृत्तीचा.

---

जुनाजाणता
रविवार, १२:५५

रिकाम्या भोकाचं माहीत नव्हतं. वीस वर्षांत किती ठिकाणी केबल काढून निघून आलोय याचा हिशेब करतोय. सातपूरला दोन ठिकाणी फोन लावले.

माझा शब्द मागे. अर्धा. फर्मवेअरबद्दलचा अजून तिथेच आहे.

---

खटपट्या
रविवार, १:३०

पण भावांनो, ते नवीन आलंय ना, दहापैकी दहा मार्कांचं? सीव्हीई-२०२४-५४०८५. एएमआयचं मेगारॅक, लॉगिनच लागत नाही. अमेरिकेच्या सीसा या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने जून २०२५ मध्ये "प्रत्यक्ष वापरात असलेली छिद्रं" या यादीत घातलं, त्या यादीत आलेलं पहिलंच बीएमसीचं छिद्र. अंबडकर, तुमचा बोर्ड त्यातला असेल तर आजच संपलं!

---

पॅकेटपुराण
रविवार, २:०५

खटपट्या, माहिती बरोबर, पण सरसकट घाबरवू नका. ते मेगारॅकच्या एका विशिष्ट पिढीतलं, रेडफिशच्या दारातून येणारं. असूस, असरॉक रॅक यांच्या काही सर्व्हरवर आणि एचपीईच्या एका क्रे मॉडेलवर पक्कं आढळलंय. प्रत्येक एएसपीड चिपवर मेगारॅक नसतं. चिप एक आणि वरचं फर्मवेअर वेगळं, यात लोक फार गल्लत करतात. आधी पानावर आवृत्ती बघा, मग कंपनीच्या साइटवर बोर्डचं मॉडेल शोधा, मग ओरडा.

सेकंडहँडवाल्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे. लाइटटीपीडी नावाचा छोटा वेबसर्व्हर कितीतरी बीएमसींमध्ये आहे. त्यातलं एक छिद्र २०१८ मध्ये मूळ प्रकल्पाने गुपचूप बुजवलं, सीव्हीई नंबर न काढता. नंबर नाही म्हणून पुढच्या फर्मवेअरवाल्यांनी ते उचललंच नाही. २०२४ मध्ये इंटेल आणि लेनोव्होच्या जुन्या सर्व्हरांत ते सापडलं, तेव्हा त्यांचा सपोर्ट संपलेला होता. म्हणजे भोक माहीत, औषध माहीत, आणि देणारा दुकान बंद करून गेलेला. अंबडकरांचा बोर्ड २०१७ पासून चालू आहे. त्याला शेवटचं फर्मवेअर कधी आलं ते बघा. तेच चढवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तो सर्व्हर ईआरपीसाठी ठेवा, बीएमसीला मात्र वाळीत टाका.

---

अडगळ
रविवार, ४:२०

सेकंडहँडवरून. २०१९ मध्ये आयबीएमच्या क्लाउडवर हेच दाखवलं होतं संशोधकांनी, क्लाउडबॉर्न नावाने. आख्खा सर्व्हर भाड्याने घ्यायचा, बीएमसीत आपला यूझर बनवायचा, परत करायचा. पुढच्या भाडेकरूला देण्याआधी डिस्क पुसली जाते, फर्मवेअरमधला बदल मात्र राहतो. त्यांच्या प्रयोगात तो जास्तीचा यूझर निघून गेला होता, पण बदललेलं फर्मवेअर तसंच होतं.

जुनी कपाटं विकताना आपण लॉकरची किल्ली काढून घेतो, इथे बेंगळुरूवाल्यांनी ईमेलसुद्धा ठेवून दिला. अंबडकर, तुमचे पंखे गेली तीन वर्षं त्यांना पत्र लिहीत असतील.

---

अंबडकर_एकटा
रविवार, ४:३३

एसएमटीपीचा (ईमेल पाठवणारा) सर्व्हर त्यांच्या आतल्या नेटवर्कचा आहे, त्यामुळे गेली नसावीत. पण पाठवायचा प्रयत्न मात्र इमानदारीत चालू होता. नोंदवहीत रांग लागली आहे.

ऑडिटवाल्यांना यातलं काय सांगू?

---

लिनक्सवाली
रविवार, ५:०२

लपवू नका. मालमत्तेच्या यादीत बीएमसीची स्वतंत्र ओळ घाला: मॅक पत्ता, फर्मवेअरची आवृत्ती, कोणाकडे पासवर्ड आहे. तुमच्या यादीत "सर्व्हर १ नग" असेल, आणि तिथेच सगळी गडबड आहे. तो १ नग नाही, २ आहेत. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने आणि सीसाने जून २०२३ मध्ये बीएमसी कसा कडेकोट करायचा याचं टिपण काढलंय, त्याच्याशी ताडून घ्या. आणि कुणी खरंच आत येऊन गेल्याची खूण सापडली, तर सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत: कळल्यापासून ६ तासांत कळवायचं, लॉग १८० दिवस जपायचे. त्यामुळे जुनी नोंदवही आधी उतरवून ठेवा, मगच फर्मवेअर. फर्मवेअरच्या नादात ती पुसली गेली तर अनोळखी यूझर कधीचा हे कधीच कळणार नाही.

---

चहाबाज
रविवार, ५:१०

ताईंनी चार वाक्यांत माझा पुढचा सोमवार खराब केला. आमच्याकडे "सर्व्हर ६ नग".

---

रात्रपाळी
रविवार, रात्री ११:५०

@चहाबाज, जुने असतील तर कन्सोल (सर्व्हरचा स्क्रीन दाखवणारी खिडकी) उघडायला जुनं जावा लागेल, आजचे ब्राउझर दारातच उभं करत नाहीत. मी त्यासाठी एक विंडोज ७ चा लॅपटॉप जपून ठेवलाय. त्याला इंटरनेट नाही, वायफाय कार्ड काढून टाकलंय, वर चिठ्ठी: "हात लावू नये, म्हातारा आहे."

---

अंबडकर_एकटा
पुढचा शनिवार, संध्याकाळी ६:३०

काम झालं, लिहितो.

शेठना मी फर्मवेअर, सीव्हीई वगैरे काही सांगितलं नाही. त्यांच्या केबिनमधून मोबाइलवर पान उघडलं आणि म्हटलं, "हे बटण दाबू? डिस्पॅच थांबेल." त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. व्हीलॅनवाला (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं पाडणारा) स्विच दहा मिनिटांत मंजूर. गेली दोन वर्षं मागत होतो.

आधी नोंदवही आणि यूझरची यादी उतरवून पेनड्राइव्हवर. तो दुसरा यूझर जुन्या मालकाचाच असावा, कारण आमच्या तीन वर्षांत लॉगिनच्या नोंदी आहेत त्या फक्त माझ्याच. मग यूपीएसच्या बॅटऱ्या तपासल्या (रात्रपाळी, धन्यवाद. एक फुगलेली निघाली, बदलली). फर्मवेअर चढवलं, कंपनीने काढलेलं शेवटचं, ते पण चार वर्षं जुनं. टिक काढली होती, त्यामुळे सगळं कोरं आणि मॅन्युअलमधला पासवर्ड परत हजर. तो त्याच मिनिटाला बदलला, २० अक्षरी. लॅन डेडिकेट केलं, नेटवर्कवरचं आयपीएमआय बंद केलं, गेटवेचा (नेटवर्कबाहेर जायच्या रस्त्याचा) खाना रिकामा ठेवला. बीएमसीची वायर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, तिथे फक्त माझा लॅपटॉप जातो. रिकाम्या भोकाची परीक्षा पण घेतली: वायर काढली, प्लग काढून लावला, दहा मिनिटं थांबलो. यादीत कुणी नाही.

---

जुनाजाणता
पुढचा शनिवार, ७:१५

६३ टक्क्यांवर काही झालं नाही ना?

---

अंबडकर_एकटा
पुढचा शनिवार, ७:१८

६३ वर डोळे मिटले होते काका.

---

पिंपळगावची_द्राक्षं
पुढचा शनिवार, ८:४०

आमच्याकडे पण व्हीपीएन बसलं. मोबाइलवर आधी एक बटण दाबावं लागतं, मग ते पान. सौ. म्हणतात एवढंच होतं तर आधी का नाही केलं.

---

तिवंध्याचा_बाळ्या
पुढचा शनिवार, ८:४४

कट्टा करायचा का? मिसळ अंबडकरांकडून, द्राक्षं दादांकडून, पापड मी आणतो.

---

अंबडकर_एकटा
सोमवार, सकाळी ९:०५

कट्टा पक्का. पण आधी हे ऐका. अलर्टच्या खान्यात आता माझा ईमेल टाकलाय. आज सकाळी ८:५२ ला बीएमसीकडून पहिलं पत्र आलं: पंखा क्रमांक ३, वेग धोक्याच्या पातळीखाली. धावत गेलो, सर्व्हर बंद केला, झाकण उघडलं.

ब्रशचे केस. पात्यात गुंडाळलेले.